जिन्याखालचं मीठ

बर्फाला घाबरणाऱ्यांतला तेओदुलो नव्हता. इलोइलोच्या मासळी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. बायको गेल्यावर मुलीने, रोवेनाने, त्याला विनिपेगला बोलावून घेतलं, तेव्हा सगळी आळी त्याला भिववत होती, तिकडे म्हणे हाडं गोठतात. हा मात्र मनातून खूश होता. आयुष्यभर आपण यंत्रं फिरवून, घाम गाळून जे बनवलं, ते तिकडे आभाळातून फुकट पडतं, म्हणजे एकदा बघायलाच हवं.

ऑक्टोबर सरता सरता पहिलं हिम पडलं. म्हातारा रबरी चपलांवरच अंगणात उतरला. मूठभर उचललं, वास घेतला, जिभेवर ठेवलं आणि निकाल देऊन मोकळा झाला, की हा काही बर्फ नव्हे. कारखान्यात लादी कापताना करवतीखाली असला चुरा पडायचा आणि आसपासची पोरं तो उचलून न्यायची, वर आटवलेलं दूध ओतून खायची. हे ऐकल्यावर त्याची सहा वर्षांची नात यना कसली गप्प बसते? रोवेना रात्रपाळी करून घरी आली तेव्हा बाप चपलांवर उभा होता आणि लेकीच्या नाकाला दूध लागलेलं होतं. तिने कपाळाला हात लावला.

रोवेना वृद्धाश्रमात कामाला होती. नवऱ्याने वेगळा संसार थाटला त्यालाही दोन वर्षं झाली होती. यनाला रात्री शेजाऱ्यांकडे झोपवायचं आणि आपण कामावर जायचं, असं तिचं चाललं होतं. आता जानेवारीपासून दिवसपाळी मिळणार होती, पण सकाळी सहाला घर सोडावं लागणार होतं. म्हणजे यनाला शाळेत न्यायचं काम आजोबांचं. जमलं तर त्यांनी इथेच राहायचं, नाही तर मार्चचं परतीचं तिकीट काढलेलं होतंच.

"तातय, बर्फावर पडून खुबा मोडलेली माणसं मी रोज उचलते," तिने बापाला सांगून टाकलं. "घरी आणखी एक उचलायची ताकद नाही माझ्यात. एकदा जरी पडलात, तरी मार्चमध्ये तुम्ही विमानात."

इलोइलोच्या घरात आता बोलायला भिंतीच उरल्या होत्या. तेओदुलोला परत जायचं नव्हतं.

नोव्हेंबरात दिवसा पाणी आणि रात्री काच, असा खेळ सुरू झाला. रोवेनाने मिठाची मोठी पिशवी आणून दिली आणि रोज संध्याकाळी पायऱ्यांवर टाकायला बजावलं. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि ती कामावर जाताच पिशवी जिन्याखाली ढकलून दिली. कारखान्यात खाऱ्या पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याचे डबे बुडवले की त्यांच्या लाद्या होत. मीठ कमी पडलं की बर्फ नीट धरत नसे. मीठ म्हणजे थंडी, हे त्याच्या हातांनाच ठाऊक होतं. बर्फावर मीठ टाकायचं म्हणजे आगीत तेल ओतण्यातला प्रकार! पण मुलीशी वाद नको म्हणून तो गप्प राहिला आणि गावाहून आणलेल्या माडाच्या हिरांच्या खराट्याने पायऱ्या झाडत राहिला. खराट्याने वरचं हिम झकास उडायचं. खालची काच मात्र आणखी चकचकीत व्हायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोवेना घरी आली ती वरच्या पायरीवरून थेट खाली. मनगट मुरगळलं. तेओदुलो धावत बाहेर आला, तर ती बसल्या जागेवरून त्या पायऱ्यांकडेच बघत होती.

"मीठ टाकलं होतंत ना?"

"नाही."

"का?"

"बर्फ आणखी घट्ट झाला असता."

रोवेनाला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने की रागाने कोण जाणे. "अख्खं शहर मीठ टाकतंय, तातय. अख्खं शहर खुळं आणि तुम्ही एकटे शहाणे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडायचं तर आपण पडायला हवं होतं.

संध्याकाळी शेजारचा रुबेन चौकशीला आला. तीस वर्षांपूर्वी इथे आलेला हा सुतार दिवसभर तळघरात रंधा मारत बसायचा आणि तेओदुलोला मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. त्याला सगळी हकीकत कळल्यावर तो पोट धरून हसला. "मानोंग, चाळीस वर्षं बर्फ बनवलात, आणि घालवायचं म्हटल्यावर हात टेकलेत?" तेओदुलोही हसला, पण ते बोलणं त्याला लागलं. रात्री पडल्या पडल्या तो कारखाना आठवत राहिला आणि अचानक उठून बसला. चाळीस वर्षं त्याने डबे पाहिले होते, डब्यातलं पाणी गोठताना पाहिलं होतं. डब्याभोवतीचं खारं पाणी कधी गोठलं होतं का? तेच तर गोठत नव्हतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात कामाला लागले. मागच्या दारी तीन ताटल्यांत पाणी गोठवलं. एकीवर मीठ, दुसरीवर रुबेनकडचा लाकडाचा भुसा, तिसरी नुसतीच. दारावरच्या थर्मामीटरचा आकडा यना वहीत लिहायची आणि आजोबा रोज ताटल्यांमध्ये बोट घालून बघायचे. उणे चारला मिठाने बर्फ खाल्ला, तरी मीठ पडलेलं पाणी बोटाला नुसत्या बर्फाहून गार लागत होतं. म्हणजे आपणही खोटे नव्हतो तर! त्याला एवढं बरं वाटलं की त्याने यनाचंही बोट त्यात बुडवलं. ती किंचाळली, मग पुन्हा बुडवू दे म्हणून मागे लागली.

उणे बाराला मीठ चरफडत, हळूहळू काम करू लागलं. तेव्हा तेओदुलोला एक जुनी गोष्ट आठवली. नव्या मिस्त्रीने एकदा हौद भलताच थंड केला होता आणि ते खारं पाणीही घट्ट झालं होतं. म्हणजे मिठालाही मर्यादा होती. ख्रिसमसनंतर उणे बावीसचा दिवस उजाडला, आणि मिठाचे खडे ताटलीवर जसेच्या तसे पडून राहिले. त्याने ते बोटाने इकडून तिकडे ढकलून पाहिले. मग भुशाच्या ताटलीवर तळवा टेकवून जोर दिला. हात जागचा हलला नाही. कारखान्यातही ओल्या जमिनीवर पायाखाली भाताचं तूस पसरलेलं असायचं. त्या संध्याकाळी तो रुबेनकडे जाऊन दोन पोती भुसा घेऊन आला. रुबेनने विचारलं, "मानोंग, ससे पाळलेत की काय?"

रोवेनाच्या पहिल्या दिवसपाळीच्या सकाळी उणे एकतीस होतं. आदल्या दुपारी घरापुढची पाण्याची वाहिनी फुटली होती आणि पायऱ्यांपासून चौकापर्यंत रस्त्याची काच झाली होती. तेओदुलो पाचलाच उठला, अंगावर होतं नव्हतं ते चढवलं, पायऱ्यांवर आणि बसथांब्यापर्यंत भुसा पसरला आणि रोवेना उठायच्या आत घरात येऊन लसूण घालून भात परतू लागला. ती घाईघाईत दोन घास खाऊन निघाली. यना शाळेत पोचली की फोन करा, एवढंच दारातून म्हणाली.

आठला नातीला घेऊन तो निघाला. तोंडावरची लोकर श्वासाने कडक झाली होती. यनाच्या खांद्यावर भुशाची लहान पिशवी होती. ती पुढे मुठी टाकत होती आणि हा मागून पाय टाकत होता. पायांखाली हिम असं करकरत होतं की म्हाताऱ्याला थांबून थांबून ते ऐकावंसं वाटत होतं. चौकात मात्र ते ऐकण्याच्या नादात त्याने पाऊल आधी टाकलं. टाच सरकली. दिव्याच्या खांबाला त्याने मिठी मारली म्हणून वाचला.

यना आजोबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लोलो, आधी भुसा, मग पाय."

"हो गं बाई. आईला सांगू नकोस."

"सांगणार," ती म्हणाली आणि पुढे मुठी टाकू लागली.

शाळेच्या दारातून त्याने फोन केला. रोवेनाने एवढंच विचारलं, "पडला नाहीत ना?" नाही म्हटल्यावर फोन बंद झाला. दिवसभर म्हातारा बेचैन होता. यना खांबाचं सांगणार, मग मुलगी काय म्हणणार? मार्च काही फार लांब नव्हता. त्याने तिन्ही ताटल्या धुऊन ठेवल्या, खराटा कोपऱ्यात उभा केला आणि जिन्याखालची मिठाची पिशवी काढून दाराशी आणली. उन्हं तापू लागली की मीठ पुन्हा कामी आलं असतं, तेव्हा आपण इथे असू की नाही, हे मात्र ठाऊक नव्हतं.

साडेचारला अंधारून आलं. खिडकीतून त्याने रोवेनाला येताना पाहिलं. पडल्यापासून ती पायऱ्या चढताना कठडा घट्ट धरून, एकेक पाय जुळवत वर यायची. आज तिच्या एका हातात तांदळाची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मासळीची. मान खाली घालून, कठड्याकडे न बघता ती भरभर वर आली.

ती आत येते न येते तोच यनाने खांबाची गोष्ट सांगून टाकली, मिठी मारून दाखवलीसुद्धा. तेओदुलो भांडी लावण्यात गुंतल्यासारखं करत राहिला. रोवेनाने पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि बूट काढले. बुटांच्या तळव्यांना पिवळा भुसा चिकटला होता.

"तातय, मार्चचं तिकीट मी रद्द केलं."

त्याने वळून पाहिलं. "खांबाचं ऐकूनही?"

"खांबाचं आत्ता ऐकलं. तिकीट सकाळी बसमध्ये बसल्या बसल्या रद्द केलं. पायऱ्या उतरून खाली गेले आणि बघते तर दोन्ही हात खिशात होते."

तेओदुलोने मासळी धुवायला घेतली. मग एकदम आठवल्यासारखं विचारलं, उद्या थर्मामीटर किती दाखवेल.

"उणे चौतीस म्हणतात," रोवेना म्हणाली.

"मग रुबेनकडून आणखी एक पोतं आणायला हवं," तो म्हणाला आणि यनाला वही काढायला सांगितली.