मरिआनोसच्या नावाचा शिक्का

मी एक जुना शिशाचा शिक्का आहे, मित्रांनो. माझ्या एका बाजूला मेरीमाता आहे आणि दुसऱ्या बाजूला नाव आहे : मरिआनोस, अबिडोसचा जकात अधिकारी. जुन्या ख्रिस्ती बादशाहीतल्या अबिडोसच्या बंदरात माझे भाऊबंद रोज जन्मायचे. गाठोड्याची दोरी आमच्या पोटातून ओवायची, नाव कोरलेल्या लोखंडी पकडीत धरून वर हातोडा हाणायचा. मग तो माल वाटेत कोणी उघडायचा नाही.

मी मात्र मरिआनोस मेल्यानंतर जन्मलो.

सुभेदाराची चोरटी जहाजं त्याने अडवली होती. सुभेदाराने त्याला फितूर ठरवून मारलं आणि प्रेत वेशीबाहेर कुत्र्यांपुढे टाकायला लावलं. जो ते पुरेल त्यालाही हीच शिक्षा, अशी दवंडी फिरली.

पहाटेच्या धुक्यात त्याच्या बायकोने, अँथूसाने, ते प्रेत उचललं. लोकरीत गुंडाळून गाठोडं बांधलं. नवऱ्याची पकड तिने पिठाच्या रांजणात लपवून ठेवली होती. तिच्या पहिल्या घावाने मी नुसताच चेपलो. दुसरा घाव तिरका बसला, म्हणून माझ्यावरची अक्षरं तिरकी आहेत.

धक्क्यावर कोस्मास तपासनीस उभा होता. मरिआनोसच्या हाताखाली वाढलेला माणूस.

“वहिनी, काय आहे यात?”

“लोकर. बेटावर नेतेय, सासरी.”

“वास येतोय लोकरीला.”

“ओली आहे, भाऊजी.”

त्याने मला बोटांत धरून नाव वाचलं. त्याचा अंगठा एकदम गार पडला.

मागून सुभेदाराचा शिपाई खेकसला, “उघड की. मुहूर्त बघतोस काय?”

“बादशाही जकातीचा शिक्का आहे. तू मोड. हात तुझे तुटतील, माझे नाही.”

शिपाई मागे सरला. कोस्मास वाकला आणि गाठोड्यापाशी पुटपुटला, “या आता, साहेब.”

बेटावर अँथूसाने दोरी कापली, मला नवऱ्याच्या मुठीत दिलं आणि माती लोटली. ती मूठ हळूहळू सैल होत गेली. मग बोटंच उरली नाहीत. वर अँथूसा येऊन बसायची, त्याला हाक मारायची. अंधारात मी ती हाक ऐकायचो. पुढे हाकही थांबली.

शेकडो वर्षांनी कोणीतरी मला मातीतून खणून काढलं, आणि आता मी संग्रहालयात काचेखाली आहे. खाली लिहिलं आहे, ‘व्यापारी मालाचा शिक्का’. लोक वाचतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा, आणि ती कोणाच्या हातात होती तेही विचारा. माझ्यासमोर आलात तर माझ्यावरचं नाव मोठ्याने वाचा. त्याला हाक मारणारं आता कोणी नाही.