तहान आणि तार

राणी गेली त्या दिवसापासून पुसेगावात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, नशीब. हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त आहे. कुणीही उचलावा आणि कुणाच्याही मरणावर टाकावा.

झालं होतं ते असं. उत्तमरावांच्या शेतात हळद शिजत होती आणि बॉयलर फुटला. राणी त्याच्या अगदी जवळ बसून घमेलं भरत होती. दवाखान्यात तिची साडी काढताना कातडीही सोबत आली. त्यानंतर दोन दिवस ती शुद्धीवर होती. शेजारी बसलेली मिना पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली.

लोक मिनाला बघायला येत. आयुष्याची दोरी बळकट, म्हणत. दोरीचं कौतुक सगळ्यांना होतं, तारेचं नाव मात्र कुणी काढत नव्हतं.

वाफ जास्त झाली की बॉयलरची शिट्टी उघडते आणि जास्तीची वाफ बाहेर जाते. त्यात हळद शिजायला वेळ लागतो, म्हणून उत्तमरावांनी हंगामभर ती शिट्टी तारेने आवळून बांधली होती. कामावरच्या सगळ्या बायकांनी ती पाहिली होती. पोलीस ठाण्याच्या जमादाराने विचारलं तेव्हा मिना म्हणाली, "अचानक झालं साहेब. तिचं नशीब." उत्तमराव तेव्हा बाजूलाच उभे होते.

दहाव्या दिवशी दुरुस्त केलेला बॉयलर पुन्हा पेटला.

"मिने, तू बॉयलरपाशी बस," उत्तमराव म्हणाले. "तू नशिबाची हायेस."

मिना बसली. शिट्टीला नवी तार होती. तिने ती पाहिली आणि मान खाली घालून घमेलं भरू लागली.

तेवढ्यात राणीची आई पद्माबाई बांधावरून आल्या. राणीसाठी विहारात ठेवलेली पुण्यानुमोदनाची सभा कालच झाली होती. त्या मिनाशेजारी, राणीच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसल्या.

"पद्माबाई, तुमी काहून आल्या?" उत्तमराव म्हणाले. "दुःख मोठं हाय, कबूल. पन नशिबापुढं कोनाचं चालतं?"

"न्हाई चालत. मंग तुमच्या सुनंला बसवा माझ्याजवळ. तिचं बी नशीब पाहू."

उत्तमरावांची सून पुजा चहाची किटली घेऊन आली होती. तिने हे ऐकलंच नव्हतं. ती सरळ पद्माबाईंना चहा द्यायला निघाली.

"पुजा, तिथं जाऊ नको! मागं हो!"

ते ओरडणं सगळ्यांनी ऐकलं. ओरडून झाल्यावर उत्तमरावांना स्वतःलाही ऐकू आलं असावं.

"सुनंला बराबर ओरडले," पद्माबाई म्हणाल्या. "माझ्या पोरीला काहून न्हाई ओरडले?"

उत्तमराव हळूच म्हणाले, "जाळ ओढा." बायकांनी खालची जळती लाकडं बाहेर ओढली, बॉयलर निवला. त्यांनी स्वतः पक्कड आणून तार तोडली. त्यांची कीव करावी असं तिथे कुणालाही वाटलं नाही.

मिना रडू लागली. "मावशी, म्या पानी प्यायला उठले. माझंच नशीब..."

"तुला तहान लागली, तो योग," पद्माबाई म्हणाल्या. "राणी उठली न्हाई. त्या दिशी तिला पान्याची बाटली म्या भरून दिली होती, उठाबसायची तकलीफ नको म्हून. तो बी योगच. दहा दिवस त्या बाटलीपायी मी मलाच खाऊन राहिले. पन तार आभाळातून न्हाई पडली. ती हातानं बांधली, मिना. अन् तू डोळ्यानं पाहिली."

मंडळी, तहान लागणं कुणाच्या हातात नसतं. पण जिथे माणसाचा हात दिसतो, तिथे नशीब म्हणू नका. तसं म्हणणं म्हणजे तो हात आपणच पाणी घालून धुऊन देणं आहे. आणि पाहून गप्प बसणारीलाही नशिबाची म्हणू नका.

संध्याकाळी मिना ठाण्यात गेली. जमादाराने जुना जबाब काढला.

"काय बदलायचं?"

"नशीब खोडा. तार लिवा," मिना म्हणाली. "अन् म्या ती रोज पाहून राहिले होते, ते बी लिवा."