सात वेढे

पोर रडलं रे रडलं की उचलायचं, ही पूजाची खोड विजयमालाला मुळीच खपत नव्हती. तीन महिन्यांचं लेकरू खांद्यावर टाकून ही बया रात्रभर सोप्यात येरझाऱ्या घालायची.

"आगं, ठेव त्येला खाली! आमी काय पोरं वाढिवली न्हाईत व्हय?"

"आत्ती, घसा बसलाय ओ त्याचा."

"बसू दे. बापागत फौजेत जायाचंय त्येला, भजनात न्हाई!"

बाप, म्हणजे विजयमालाचा एकुलता लेक जयराज, जम्मूकडं होता. घरात या दोघी आणि हे पोर, शिवतेज. दिवेलागणीला गुटी द्यायची ती विजयमालाच्या हुकमानं, पण उगाळायची पूजाच. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग आणि झोपेसाठी जायफळाचे दोन वेढे. सहाणेवर दोनदाच गोल फिरवायचं, तिसऱ्यांदा नाही.

त्या दिवशी शेजारची लीलाबाई दारातून बोलून गेली होती, "आक्का, सगळ्या गावाला गुटी शिकिवलीस, आन सोत्ताचा नातू निजवाय जमंना व्हय गं?" ते विजयमालाला मिरचीसारखं झोंबलं. रात्री पोरानं पुन्हा टाहो फोडला, तशी ती उठली. पूजाच्या हातातून त्याला ओढून घेतलं, तिला आत निजायला धाडलं आणि स्वतः जायफळ उगाळलं. एक, दोन करत सात वेढे. बोंडल्यानं पाजलं. पोर गप झालं.

सकाळी ती ताठ मानेनं चहा घेत बसली होती. "बघ. ह्येला म्हणत्यात निजवणं."

आठ वाजले, नऊ वाजले. पूजानं पाजायला घेतलं तर पोर तोंड उघडेना. तळपायाला टिचकी मारली, पाय हलेना. ओठ काळसर पडलेले.

लीलाबाईच्या लेकानं, कृष्णातनं, गाडी काढली. आष्ट्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोराच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "काय पाजलंत? खरं सांगा, त्यावर पुढचं ठरणार."

"जायफळ. दोन वेढे. मीच दिलं," पूजा म्हणाली.

"दोन वेढ्यांनी असं होत नाही, ताई! अजून काय दिलंत?"

बाकावरच्या बाया माना वळवून पूजाकडं बघायला लागल्या.

विजयमाला भिंतीला टेकली. तिची थोरली लेक अशीच पाळण्यात निजली होती. विजयमालाला शेतात भांगलणीला जायचं म्हणून तिच्या सासूनं पोरीला अफू चाटवली होती. दुपारी विजयमाला पाजायला घरी आली तर लेक गार. सासू म्हणाली, दृष्ट लागली. विजयमालानंही चाळीस वर्षं लोकांना दृष्टच सांगितली होती. आताही तोंडात तेच आलं होतं. तिनं ते गिळलं.

"तिला नगा इचारू," ती म्हणाली. "रातच्याला म्या पाजलं. आणिक सात वेढे. दाट."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लगेच सांगलीला फोन लावला.

सांगलीच्या दवाखान्यात दोन रात्री पोर नळ्यांत होतं. जयराजचा फोन आला की पूजा बाहेर जाऊन बोलायची. विजयमालानं कुणाला पाणीही मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नळ्या निघाल्या. बऱ्याच वेळानं शिवतेज कण्हला, मग रडला. आवाज एवढासा, मांजराच्या पिल्लासारखा. पूजाचे हात पुढं झाले आणि खाटेच्या कडेलाच थबकले. तिनं मान वर करून सासूकडं बघितलं.

विजयमालाला ती नजर सोसवेना.

"माज्या तोंडाकडं काय बघतीस?" ती खेकसली. "उचल त्येला. तू आई हाईस, तुला कळतंय. आन परत कवा माज्या हातात लेकरू देऊ नगंस."