चेहरा आणि हाक

परळीच्या वीजकेंद्राची राख वाऱ्यावर येऊन पेरूच्या पानांवर बसे, आणि समोरचे दगडूमामा सकाळच्या कोवळ्या उन्हात ओल्या फडक्याने एकेक पान असं पुसत, की जणू ते तापल्या लेकराचं कपाळ आहे. फौजेतून निवृत्त झालेले, मामी गेल्यापासून एकटे. युद्धाविषयी कुणी विचारलं, की ते बादली उचलून आत जात.

एका हिवाळी दुपारी मी घरी एक परदेशी चित्रपट पाहत होते. सगळी हातानं रेखाटलेली, हलती चित्रं, भाषा अनोळखी. त्यातला वृद्ध सैनिक लढाईत मारल्या गेलेल्या मित्राचा चेहरा आठवू पाहतो, आणि दरवेळी चेहऱ्याच्या जागी कोरा कागद उरतो. विरजण मागायला आलेले मामा दारातच थबकले, मग हातातल्या वाटीसह हळूच खाली बसले. पडद्यावरच्या बर्फाचा निळसर उजेड त्यांच्या सुरकुत्यांत साचत राहिला.

"माझ्या पलटनीतल्या माधवचा चेहरा बी मला आठवंना, पोरी," ते म्हणाले. "शेजारीच पडला, बर्फात. आवाज तेवढा ऐकू येतो."

"त्यांच्या घरी कोण आहे?"

"माय हाय, गेवराईकडं. का बरं गेलो न्हाई म्हनशील. मी वाचलो ना. कोन्या तोंडानं जाऊ?"

मी हट्टच धरला, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं एसटीनं माधवच्या घरी गेलो. भिंतीवरच्या तसबिरीत माधव हसत होता. मामा त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. त्याच्या म्हाताऱ्या आईनं चाचपत मामांचा हात धरला.

"मला आता फोटू दिसत न्हाई, बाबा. तो कसा बोलायचा, तेवढं सांग."

माधव सीमेवर असताना रजेवर घरी पोचायची स्वप्नं बघत जसं मोठ्यानं म्हणायचा, अगदी तसं मामा म्हणाले, "माय, आलो गं! भाकर टाक!"

"टाकते रे, टाकते," म्हातारी रडत हसली.

तेव्हापासून मामा अधूनमधून तिच्याकडे जात आणि अंगणातूनच ती हाक देत. गेल्या उन्हाळ्यात म्हातारी गेली. तिची माती करून मामा परतले आणि माझ्या ओट्यावर टेकले.

"आता हाक कुनाला मारू, पोरी?"

गेलेल्या माणसाचा स्वर कुणी एक जन्मभर जिवापाड जपू शकतो. त्याला ओ देणारं माणूस काळानं नेलं, की मग स्मृती नुसतीच अंगणात उभी राहते.