गाठ आकसली

रेल्वेतून निवृत्त झालेले गुलाबराव विद्याधर नगरात राहत. फुफ्फुसं कडक होत जाण्याचा त्यांचा आजार जुना होता. कोरड्या खोकल्याची घराला सवय झाली होती. यंदा त्यांतल्याच एका फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली.

"लहानच आहे ना? मतलब, काढता येईल?" लेक सोनमनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन यांना झेपणार नाही. रेडिएशननं गाठ आटोक्यात येईल, पण जुना आजार भडकू शकतो. मग आमच्या हातात फारसं राहत नाही."

"आणि काहीच नाही केलं तर?" त्यांच्या पत्नी इंदुमतीबाईंनी विचारलं.

"गाठ वाढत जाईल."

"नुसतं वाट बघत बसणं मला जमायचं नाही," गुलाबराव म्हणाले. "रेडिएशन द्या."

रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांनी स्कॅनमध्ये गाठ आकसल्याचं कळलं. सोनमनं राजा पार्कच्या बाजारातून मिठाई आणली. गुलाबरावांनी हसून तुकडा तोंडात घातला आणि चपला काढायला वाकले. सरळ होताना त्यांना धाप लागली, ती थांबेचना.

"अहो, पाणी देऊ?"

त्यांनी हातानंच नको म्हटलं. बोलण्यापुरताही श्वास उरला नव्हता. त्यांचे ओठ निळसर पडलेले पाहून सोनमनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

हॉस्पिटलमध्ये पुन्हा स्कॅन झाला. गाठ आकसलेलीच होती. दोन्ही फुफ्फुसं मात्र स्कॅनवर पांढरी दिसत होती; जुना आजार भडकला होता, आणि डॉक्टर इंदुमतीबाईंच्या नजरेला नजर देत नव्हते.