साक्षीदार कुठे आहे?

मी पायरी बोलतेय. कोर्टाची पायरी म्हटलं की लोक लांबूनच हात जोडतात. पण ती बाहेरची, दगडी. मी आतली, लाकडी, दहा इंच उंचीची. उचलून कुठेही ठेवावी अशी.

माझा जन्म एका मुलीमुळे झाला. अकरा वर्षांची होती. लांबच्या नात्यातल्या मावशीने शिवणकाम शिकवते म्हणून तिला घरून नेलं आणि परक्या शहरात विकलं. पुढे पोलिसांनी तिला सोडवलं. सोडवलं हा त्यांचा शब्द. सोडवून तिला संरक्षणगृहात ठेवलं, त्याच्या दाराला कडी बाहेरून. मावशी जामिनावर आपल्या घरी गेली.

अशा मुलीचं नाव कुठे उच्चारायचं नाही, असा कायदा आहे. कायदा चांगला आहे. म्हणून पहिल्या तारखेला शिपाईकाकांनी व्हरांड्यात येऊन खणखणीत आवाजात पुकारा केला, "पीडित मुलगी हाजिर हो." सगळा व्हरांडा माना वळवून बघू लागला. नाव मात्र कोणालाच कळलं नाही.

ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली, तर कठड्यावर तिचं कपाळसुद्धा दिसेना! मावशीचे वकील चष्मा पुसत म्हणाले, "साक्षीदार कुठे आहे? मला तर कोणी दिसत नाही." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी पायरी बनवायचा हुकूम दिला आणि पुढची तारीख दिली. कारकुनाने नोंद केली, 'साक्ष झाली नाही.' का झाली नाही, ते लिहिलं नाही.

कोर्टाचे सुतारमामा टेप घेऊन आले.

"ताठ उभी राहा, बाळा. चवड्यांवर नको."

"मग मी दिसेन का?"

"दिसशील की. अगदी नाकासकट."

ती हसली. मामांनी तिच्यासमोरच फळीवर पेन्सिलने लिहिलं : मुलगी चार फूट दोन इंच, कठडा सव्वाचार फूट, पायरी दहा इंच. खाली तारीख आणि सही. मग मला ठोकलं. लिहिलेली बाजू खाली गेली, ती खालीच राहिली.

दुसऱ्या तारखेला ती माझ्यावर चढली. अंगावर वजन जाणवलंच नाही. त्या दिवशी वकील आजारी होते. तिसऱ्या तारखेला मावशी आजारी. मग न्यायाधीश बदलले. मग मुलांसाठी केलेल्या खास खोलीत साक्ष घ्यायचं ठरलं, तर किल्ली सापडेना. त्या खोलीच्या भिंतीवर हसरे ससे रंगवले आहेत आणि आत मोडक्या खुर्च्या भरल्या आहेत.

दर तारखेला ती यायची, माझ्यावर उभी राहायची, नवी तारीख ऐकून उतरायची. मला तिचं वय असं कळत गेलं, वजनाने. एका पावसाळ्यात माझी एक फळी कुरकुरली, तेव्हा ती चौदाची झाली असावी.

मधल्या काळात मी रिकामी नव्हते. कारकून माझ्यावर चढून वरच्या फायली काढायचे, तिचीसुद्धा. दुपारी शिपाईकाका माझ्यावर डबा ठेवायचे. म्हणायचे, "या कोर्टात कामाची बाई ही एकटीच."

सात वर्षं गेली. एके दिवशी काकांनी तिला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "आता कशाला ही तुला? केवढी उंच झालीस." त्यांनी मला पायाने कोपऱ्यात सरकवलं.

नेमकी त्याच दिवशी साक्ष झाली. न्यायाधीशबाई चौथ्या, वकील तेच.

"बाईसाहेब, ही गेली तेव्हाच सज्ञान होती. राजीखुशीने गेली. आता रडगाणं गातेय."

तिच्या जन्माचा दाखला नव्हता. वय ठरवायला काढलेला हाडांचा पहिला फोटो गहाळ झाला होता. दुसरा गेल्या महिन्यातला. त्यावर डॉक्टरांनी लिहिलं होतं : वय अठराच्या पुढे, किती पुढे ते हाडावरून सांगता येत नाही. वकिलांनी हात पसरले. "समोर बघा ना. ही लहान मुलगी दिसते?"

ती तेव्हा सज्ञान ठरली असती, तर मावशी सुटली असती आणि ही खोटारडी ठरली असती.

ती हळू आवाजात म्हणाली, "वकीलसाहेब, मी या कठड्यावरून दिसत नव्हते. साक्षीदार कुठे आहे, असं तुम्हीच विचारलं होतं. सगळे हसले होते."

"नोंदीत तसं काही नाही."

तिने कोपऱ्याकडे पाहिलं. "ती पायरी उलटी करा. सुतारमामा लिहीत होते, तेव्हा मी बघत होते."

शिपाईकाकांनी माझ्यावरचा डबा उचलला. मला उलटं करून बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि धूळ फुंकली. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. वकील पुन्हा चष्मा पुसू लागले.

पुढच्या तारखेला निवृत्त झालेले सुतारमामा काठी टेकत आले. म्हणाले, "अक्षर माझंच. पोरगी चवड्यांवर उभी राहत होती, म्हणून दोनदा मोजली."

मावशीला शिक्षा झाली. मुलीला संरक्षणगृहातून जायची परवानगी मिळाली. जाताना तिने माझ्याकडे हात नेला, तर कारकून म्हणाले, "हात लावू नकोस, मुद्देमाल आहे."

आता मी मुद्देमालाच्या खोलीत आहे. कापडात गुंडाळलेली, वर लाखेचं सील. दाराला कडी बाहेरून. अपिलाचा निकाल लागेपर्यंत मला इथेच ठेवायचं, माझ्याच संरक्षणासाठी म्हणे.

काल भिंतीपलीकडून पुकारा ऐकू आला, "पीडित मुलगी हाजिर हो." मग कुणा दुसऱ्याच पोरीची हलकी पावलं. आणि मग तोच हशा.

मला सोडवायला येऊ नका, त्याला वेळ लागेल. सुतारमामांच्या जागी जो कोणी आला असेल, त्याला एवढंच सांगा : पोरीला मोजू नकोस, नवी पायरीही ठोकू नकोस. करवत घेऊन ये आणि तो कठडाच खाली कर.