मान्सॉकचं डावं शिंग

मी मान्सॉक बोलतोय. झुंजीचा वळू. वय बारा, वजन घटून आता सातशे किलो, आणि शिंग एक. डाव्या शिंगाच्या जागी मुठीएवढा खुंट राहिलाय. तो कसा राहिला, हे आमच्या खोऱ्यात जो तो आपल्या परीनं सांगतो. मला कोणी विचारलेलं नाही.

माझा जन्म ओक्बुनच्या गोठ्यात झाला, पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात. तिच्या नवऱ्यानं माझी मान दाबून पाहिली आणि म्हणाला, "हा नांगराचा नाही, मैदानाचा." नाव ठेवलं मान्सॉक, म्हणजे दहा हजार पोती धान्य. मी तीन वर्षांचा असताना तो छातीच्या दुखण्यानं गेला. आता ओक्बुन मला विकणार, असं सगळे धरून चालले होते. तिनं नवऱ्याचे गमबूट काढले, ते मोठे होत होते म्हणून पुढे चिंध्या कोंबल्या, आणि माझा दोर हातात घेतला.

मैदानावरचे बाप्ये हसले. "वहिनी, हा दोर कपडे वाळत घालायचा नव्हे," एक जण म्हणाला.

"कपडेही मीच वाळत घालते," ओक्बुन म्हणाली. "मागच्या शनिवारी तुझ्या वळूला कोणी वाळत घातलं, ते विचार त्याला."

तिनं मला डोंगर चढवला, दगड भरलेला टायर ओढायला लावला, ओकच्या बुंध्याला धडका द्यायला शिकवलं. पहाटे कोंडा नि सोयाबीन शिजवायची, स्वतः मात्र उभ्या उभ्या गार भात नि किमची खायची. माणसं जनावराचं जेवण गरम करतात आणि आपलं विसरतात, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो.

आमची झुंज मरेपर्यंत नसते. दोघं शिंगाला शिंग लावून रेटतात, आणि ज्याला नकोसं होतं तो पाठ फिरवून चालू लागतो. तिथं खेळ संपतो. पाठ फिरवणाऱ्याला कोणी हसत नाही. ज्याची पैज बुडते तो दोन शिव्या घालतो, एवढंच.

पैजा सरकारमान्य होत्या, म्हणून सरकारचे डोळेही आमच्यावर होते. वजन, कानातला बिल्ला, रक्ताचा नमुना. तपासणी झाली की आम्हाला वेगळ्या गोठ्यात ठेवून दाराला सील लावत. मालकानं मूठभर चारा द्यायचीही बंदी. पैजांच्या उत्पन्नातला वाटा जिल्ह्यातल्या खेळांना जायचा. गावातल्या मुलींच्या कुस्तीचा हॉल त्यावरच चालायचा, आणि तिथं शिकवायची ओक्बुनची लेक ह्येजंग.

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात बातमी आली की राजधानीहून, सेऊलहून, समिती येणार. झुंज हा आमचा वारसा आहे की नुसता जुगार, हे ती ठरवणार होती. वारसा ठरला तर मैदान टिकणार. जुगार ठरला तर मैदानाला टाळं, आणि मागोमाग कुस्तीच्या हॉललाही.

समिती यायच्या अकरा दिवस आधी मी ओकला धडक दिली आणि डाव्या शिंगाच्या मुळाशी काहीतरी कट्‌कन वाजलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं. ओक्बुननं बोट लावताच मी तिला ढकलून दिलं. त्याआधी मी तिला कधी ढकललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गीह्वान आला. तो मैदानाचा व्यवस्थापक, ओक्बुनच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. बूट न काढता ओसरीच्या कडेवर टेकला.

"वहिनी, मान्सॉकच नसेल तर समितीला दाखवू काय? वासरं?"

"शिंगाला चीर गेलीय त्याच्या."

"दहा मिनिटं उभा राहू दे. मग फिरवेना का पाठ. ब्योराकसारख्या वळूसमोर दुसरं उभं करण्यासारखं आहे कोण?"

"आणि शिंग गेलं तर?"

गीह्वान उठून उभा राहिला. "हॉल गेला तर ह्येजंग काय करेल, तेही बघा."

"तिचं नाव मध्ये आणू नकोस."

"मी कशाला आणू? समितीच आणेल."



झुंजीच्या दिवशी सकाळी, ट्रक यायच्या आधी, ती आत आली. एप्रनच्या खिशात सिरिंज होती. तिनं शिंगाच्या मुळाशी दोनदा सुई टोचली. "थोडाच वेळ रे," ती म्हणाली. एरवी ती माझ्या डोळ्यांत बघून बोलायची. त्या दिवशी कानाकडे बघत होती. हळूहळू दुखणं गेलं, आणि दुखण्याबरोबर शिंगही गेल्यासारखं वाटलं.

तपासणीला युन्जू नावाची तरुण पशुवैद्य होती. नोकरीचं दुसरंच वर्ष. तिनं रक्त घेतलं. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा. मग हातोडीच्या लाकडी मुठीनं उजव्या शिंगावर टक्‌ केलं. मी मान हलवली. डाव्यावर केलं. मी ढिम्म. तिनं पुन्हा केलं, आणि हात तसाच ठेवला.

"मावशी, डावं बरंय ना याचं?"

"बरंय."

"माझ्याकडे बघून सांगा."

ओक्बुननं मान वर केली. "बरंय, पोरी."

"डॉक्टर, समितीच्या गाड्या आल्यात," मागून गीह्वान म्हणाला. "आटपा जरा."

युन्जूचं पेन कागदावर टेकलेलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आमचा आवाज माणसांना एकाच अर्थाचा वाटतो. तिनं सही केली. माझ्या गोठ्याला सील लागलं.

मैदान भरलं होतं. सावलीतल्या रांगेत समितीची माणसं कागद घेऊन बसली होती. समोर ब्योराक, नऊशे किलो, पायानं वाळू उडवत. ओक्बुननं दोर सोडला आणि नियमाप्रमाणे कुंपणापाशी मागे गेली.

आम्ही भिडलो. पहिला रेटा मी परतवला. दुसऱ्याला त्यानं मान खाली घालून माझं डावं शिंग मुळातून उचललं. आवाज झाला. लोकांनी एकदम श्वास आत ओढला. माझ्या डोळ्यावरून कोमट पाणी वाहू लागलं, आणि मला कळेना ते कुठून येतंय.

दुखत नव्हतं. म्हणून मी रेटत राहिलो. पाठ फिरव, हे मला आजवर दुखण्यानंच सांगितलं होतं. आता सांगणारंच कोणी नव्हतं. ब्योराक पुन्हा त्याच जागी धडकला. आणखी एकदा. मी मागे हटत नाही हे पाहून लोक टाळ्या वाजवू लागले.

"फीर, मान्सॉक, फीर," ओक्बुन म्हणत होती. मी फिरलो नाही. मी जिंकतोय असंच मला वाटत होतं.

मग ती कुंपण सोडून धावली. नवऱ्याच्या त्या मोठ्या बुटांत, वाळूत अडखळत, आणि सरळ आमच्या दोघांच्या मध्ये शिरली. पंच शिट्ट्या मारत होते. तिनं माझी वेसण धरली आणि सगळं वजन टाकून माझं डोकं वळवलं. ब्योराकचा खांदा तिला लागला. दोन बरगड्या तिथंच मोडल्या.

युन्जू पेटी घेऊन धावत आली. ओक्बुन गुडघ्यांवर होती, वेसण सोडलेली नव्हती.

"त्याला कळत नाहीये," ती म्हणाली. "सुई मी दिलीय सकाळी. मी."

हे तिनं युन्जूपुरतंच, हळू आवाजात सांगितलं होतं. पण पंचाच्या छातीवर माइक होता. सगळ्या मैदानानं ऐकलं, सावलीतल्या रांगेनंही.

पैजा रद्द झाल्या. मैदान सव्वा वर्ष बंद राहिलं. समितीनं वारशाचा निर्णय पुढे ढकलला. कुस्तीच्या हॉलचं अनुदान थांबलं, आणि ह्येजंग मुलींना नदीकाठच्या वाळूत शिकवू लागली. सहा महिने ती आईशी बोलली नाही. मग एक दिवस आली, बादली उचलली आणि माझ्यापुढे कोंडा ओतला. "आई, माझ्यासाठी केलंस म्हणू नकोस," एवढंच म्हणाली. "नाही म्हणणार," ओक्बुन म्हणाली.

चौकशीत तिला विचारलं, कोणी सांगितलं होतं? तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. बाजूच्या खुर्चीवरून गीह्वान आपण होऊन उठला आणि म्हणाला, "मी सांगितलं नाही, पण मीच सांगितलं." त्याची नोकरी गेली. युन्जूला ताकीद मिळाली. ओक्बुनला आता कुठल्याही मैदानात दोर धरता येत नाही.

खाटीक दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा ओक्बुननं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

युन्जू मात्र अजून येते, खुंट धुते. थंडी पडली की तो ठणकतो. मला ते बरं वाटतं, हे तुम्हाला विचित्र वाटेल.

आज समितीनं पुन्हा माणूस पाठवलाय. एक चष्मेवाला, सौम्य बोलणारा. झुंजीची जुनी माहिती गोळा करतोय. दोर कसा वळायचा, कोंडा कसा शिजवायचा, हे विचारतो आणि ओक्बुन सांगते. मघाशी त्यानं जरा चाचरत विचारलं, "आजी, त्या दिवसाचं लिहू का? की गाळू?"

"लिही," ती म्हणाली. "आधी तेच लिही."

तो लिहितोय. त्याला मी विनंती करू शकत नाही, म्हणून तुम्हाला करतो. ओक्बुननं मला फसवलं, हे त्यानं लिहावं. ते खरं आहे. आणि चार हजार माणसं टाळ्या वाजवत असताना ती एकटी वाळूत उतरली, हेही लिहावं. फक्त ही दोन वाक्यं त्यानं वेगवेगळ्या पानांवर टाकू नयेत.